शेवंतीचा दूधभात

चंडीगढ,
२२ ऑक्टोबर २०२३

प्रिय वीणा,

तुझी शेवंती काल संध्याकाळी माझ्याकडे सुखरूप पोचली. कश्मिरा तिला मोहालीहून टोपलीतून घेऊन आली. सोबत मांजरीचं सामान इतकं, की लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हाही माझ्याबरोबर एवढं नव्हतं. वाडगे, ब्रश, वाळूचं तसराळं आणि खाण्याची भलीमोठी गोणी. आज पहाटे तुझी पोरगी दिल्लीला गेली, तिथून डब्लिनला. कंपनीचं वर्षभराचं काम आहे म्हणाली. निघताना आम्हा नवरा-बायकोला, अच्युतला आणि मला, वाकून नमस्कार केला, आणि मग मांजरीला कुशीत घेऊन दारातच बसून राहिली. टॅक्सीवाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला. तिच्या बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण शेवंतीला हात लावला की पोर अजून लहान होते. सुरेशरावांनी हे पिल्लू बँकेच्या पार्किंगमधून शर्टाच्या आत घालून घरी आणलं होतं ना? तू मला तेव्हा लिहिलं होतंस, नवा शर्ट गेला म्हणून.

फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी वाजवतं आणि आपण दोघी एकमेकींना 'काय, काय' करत बसतो. त्यापेक्षा पत्र बरं. शाळेत सिस्टर बेर्थाने डावीकडे समास सोडून पत्र लिहायला शिकवलं, ते वाया कशाला घालवायचं?

आता एक कबूल करते. ती गोणी मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकली, खालच्या मांजरांसाठी. वासाने माझं डोकं उठलं, ही एक गोष्ट. दुसरं म्हणजे मी चष्मा लावून त्यावरचं सगळं वाचलं. कोंबडी, मासळी, आणि खाली बारीक अक्षरात 'टॉरिन'. हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा. आमची नात अक्षरा युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर परीक्षेच्या दिवसांत जागायला ते एनर्जी ड्रिंकचे डबे पिते, त्यावर हाच शब्द असतो. मी तिच्याशी त्यावरून भांडलेसुद्धा आहे. मुक्या जनावराला असलं उत्तेजक कशाला घालायचं? कश्मिराला यातलं काही बोलले नाही. तिने खाणं वेळेवर द्यायचं वचन घेतलंय, ते मी देईनच.

तूच सांग, नाशिकला तू तिला काय घालायचीस? माझ्या स्वयंपाकघरात आजवर अंडंही आलेलं नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
उर्मी


नाशिक,
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय उर्मी,

गोणी दिलीस ते उत्तम केलंस. आजकालच्या मुलांना मांजरासाठीही पाकीट फोडावं लागतं.

आमच्याकडे शेवंती सहा वर्षं दूधभातावर वाढली. सकाळी दूधपोळी, रात्री दूधभात, कधी वर थोडं वरण. मी माझ्या हाताने कालवून द्यायचे. अंगावर कशी झळाळी होती तिच्या, तू फोटोत पाहिली आहेस. शेजारणी विचारायच्या, काय घालता हो? मी म्हणायचे, घरातलं. ज्या घरात मालवणचा माणूस मासे सोडून चौतीस वर्षं राहिला, तिथे मांजरीचं काय मोठं?

हसण्यावारी लिहिलं, पण ते मला अजून टोचतं. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सुरेशला एवढीच अट घातली होती. तो हसून 'बरं' म्हणाला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही नाही. हॉस्पिटलातल्या शेवटच्या महिन्यात त्याचं अन्नावरचं मन उडालं. मी शिरा करायचे, पेज करायचे, चमचा तोंडाशी धरायचे, आणि तो मान वळवायचा. 'मासा आणवू का' हे तीन शब्द ओठांवर येऊन परत जायचे. विचारायला हवं होतं, उर्मी. तुझ्याशिवाय हे कोणाला लिहिणार?

असो. दूध म्हशीचं असेल तर थोडं पाणी घाल.

तुझी,
वीणा


चंडीगढ,
१८ जानेवारी २०२४

प्रिय वीणा,

इथे दहा दिवस ऊन नाही. धुक्यात समोरची सोसायटी दिसत नाही. आम्ही दोघं हीटरपुढे, आणि शेवंती अच्युतच्या मांडीवर. एअर फोर्समधून रिटायर झालेल्या माणसाला मी एवढा वेळ एका जागी बसलेला कधी पाहिला नव्हता. ती उठेल म्हणून चहासुद्धा थंड होऊ देतो.

तुझा दूधभात तिला मानवला. मी कधी पनीर कुस्करून घालते, कधी मुगाची खिचडी. आली तेव्हा केवढी दांडगी होती. फ्रिजवर उडी, तिथून पडद्याच्या दांडीवर, आणि बाल्कनीतल्या कबुतरांवर डोळा. आता सगळं सोडलं. कबूतर कठड्यावर येऊन बसलं तरी नुसती बघते. परवा स्टुलावर धडकली आणि आपणच लाजल्यासारखी बसून राहिली. अच्युत म्हणतो, तुम्ही दोघी मैत्रिणींनी मिळून हिला संन्यास दिलात. मी म्हटलं, सात्त्विक अन्नाचा गुण आहे.

कश्मिरा रविवारी व्हिडिओवर बोलते. 'मावशी, आधी ती दाखव, मग तुम्ही.' मी मांजरीला कॅमेऱ्यापुढे धरते. गोणी संपली का, नवी मागवू का, असं विचारत होती. मी म्हटलं, आहे अजून. इतकंच खोटं बोलले.

'थोडी बारीक वाटते,' असं म्हणाली. मी म्हटलं, थंडीने अंग चोरून बसते, म्हणून तसं वाटतं.

तुझी,
उर्मी


नाशिक,
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय उर्मी,

शेवंती शांत झाली हे वाचून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. सुरेश गेल्यावर ती पार्किंगमध्ये त्याच्या स्कूटरपाशी जाऊन बसायची. मला ते बघवेना, म्हणून तर महिन्याभरात कश्मिराने तिला मोहालीला नेलं. आता ती त्यालाही विसरली असेल. मांजराची जात.

कश्मिरा विसरलेली नाही. तिचं पत्र आलं, चक्क पत्र. फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी रागावले होते. लिहिते, बाबा गेले तेव्हा मी मोहालीत होते, विमान मिळेपर्यंत सगळं होऊन गेलं. शेवंतीच्या डोक्यावरून हात फिरवला की बाबांचा हात जिथे फिरायचा तिथेच आपला फिरतोय असं वाटतं. कश्मिरा ऑक्टोबरात परत येईपर्यंत शेवंतीला नीट जप बाई. मी तुझ्यावर सोपवून निर्धास्त आहे.

तुझी,
वीणा


चंडीगढ,
१४ एप्रिल २०२४

प्रिय वीणा,

पुढचं वाचण्याआधी हे वाच. शेवंती जिवंत आहे.

मेसेजमध्ये हे लिहवेना आणि फोनवर तुला ओरडून सांगण्यासारखं नाही. मंगळवारी दुपारी ती सोफ्याखाली तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. तशीच टॉवेलात गुंडाळली आणि सेक्टर बावीसमधल्या डॉक्टरकडे नेली. डॉ. गुरलीन कौर, अक्षरापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिने आधी मांजरीला ऑक्सिजन लावला, मग सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली. हृदय फुग्यासारखं मोठं आणि पातळ झालंय, त्याला जोर राहिलेला नाही, छातीत पाणी साठलंय. मग डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं आणि म्हणाली, नजरही कमी झाली आहे. ते स्टुलावर धडकणं, वीणा. आणि मी इकडे तुला सात्त्विक म्हणून लिहीत होते.

तिने विचारलं, काय खाऊ घालता? मी दूधभात, पनीर, खिचडी, असं अगदी अभिमानाने सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. रागावली असती तर सोपं झालं असतं. तिने मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. टॉरिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल आहे. हृदयाच्या स्नायूला आणि डोळ्याच्या पडद्याला ते लागतंच. तुम्ही-आम्ही डाळ, दूध, धान्य खातो, त्यातल्या गंधकाच्या दुसऱ्या अमिनो आम्लांपासून आपलं शरीर ते स्वतः बनवतं. म्हणून मी वरणभातावर साठी ओलांडली. मांजरीला ते बनवणं जवळजवळ जमतच नाही. तिला ते आयतं लागतं, मांसातून, मासळीतून. दूधभातात ते नसल्यासारखंच. म्हणून तर खाण्याच्या गोणीत मुद्दाम घालतात. मी ज्याला उत्तेजक समजून वॉचमनला देऊन टाकलं, त्यावरच तिचा जीव अवलंबून होता.

सिस्टर बेर्थाने वर्गात मेणबत्तीवर केसाची बट जाळून दाखवली होती, आठवतं? हा वास गंधकाचा, केसातही गंधक आहे, असं म्हणाली होती. आपण नाकाला रुमाल लावून हसत होतो. शाळेत पहिला नंबर येऊन काय उपयोग झाला?

पाणी उतरायच्या गोळ्या आहेत, हृदयाच्या आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ टॉरिनची पूड. ती अच्युत इंडस्ट्रियल एरियातल्या एका औषधांच्या गोदामातून घेऊन आला. डॉक्टर म्हणते, वेळेत आणलं असेल तर हृदय परत ताळ्यावर येतं, तीन आठवड्यांत कळेल. डोळ्यांचं गेलं ते गेलं. आणि खायला मांस. अच्युत मनीमाजराच्या बाजारातून कोंबडीची काळिजं आणि मासे आणतो. मी बाल्कनीत इंडक्शनची शेगडी मांडली, नाकाला पदर बांधला आणि उकडलं. अण्णांच्या, माझ्या आईच्या, कोणाच्या आत्म्याला काय वाटेल याचा विचार करायला वेळच मिळाला नाही. अक्षरा आली होती, दारात उभी राहून म्हणते, 'आजी, अब मेरे एनर्जी ड्रिंक को सॉरी बोलो.' मी म्हटलं, त्यातल्या कॅफीनचं भांडण अजून बाकी आहे.

आता जे लिहायला हात अडतोय ते. मी डॉक्टरला म्हटलं, अहो, ही माझ्या मैत्रिणीकडे सहा वर्षं दूधभातावर ठणठणीत होती. ती म्हणाली, 'आंटी जी, छह साल दूध-चावल पर ये बचती ही नहीं. कोई तो इसे चुपके से खिलाता था.'

वीणा, कोण?

कश्मिराला अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

तुझी,
उर्मी


नाशिक,
२१ एप्रिल २०२४

उर्मिला,

शेवंतीचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. तुला दोष देत नाही. दूधभाताची हमी मीच दिली होती.

पण तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, नाशिकच्या आमच्या घरात राहणारी माणसं दोन आणि मुलगी एक. मी नाही, हे उघड आहे. मग त्या कोणाकडे बोट दाखवतात? गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. सुरेशने शब्द दिला होता आणि तो पाळला, माझ्या डोळ्यांदेखत. उंदीर-पाली खात असेल ती मांजर, एवढंही त्यांना सुचू नये?

कश्मिराला आजच्या आज सांग. तिच्यापासून लपवायचं नाही.

वीणा


चंडीगढ,
१६ जून २०२४

प्रिय वीणा,

तुझ्या पत्रावर तू 'उर्मिला' लिहिलंस, 'तुझी' गाळलंस. आठवीत मी तुझी भूगोलाची वही हरवली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. म्हणून इतके दिवस लिहायचा धीर झाला नाही. आज मात्र धीर आपोआप आला, कारण डॉ. गुरलीनने तपासणी करून मशीन बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हृदय जवळजवळ पहिल्या आकारावर आलंय. पाण्याच्या गोळ्या बंद. टॉरिन आणि मांस मात्र जन्मभर. तिच्या टेबलापाशी मी रडले, आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या एका सरदारजींना वाटलं, माझी मांजर गेली. त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, 'बच गई जी.' मग तेच डोळे पुसायला लागले. त्यांच्या पायाशी म्हातारा लॅब्राडोर होता.

घरी येऊन शेवंती फ्रिजवर चढली. उडी थोडी चुकली, पंज्यांनी लोंबकळली आणि मग चढली. डोळ्यांना संधिप्रकाशात कमी दिसतं, म्हणून अच्युतने कुठलंही सामान हलवायला मला मनाई केली आहे. कबुतरांचा सुखाचा काळ संपला.

कश्मिराला मी तुझं पत्र आलं त्याच रविवारी सांगितलं. गोणीचं, दूधभाताचं, 'आहे अजून' म्हणाले त्याचंही. 'मावशी, ती दाखव,' एवढंच म्हणाली. शेवंती तेव्हा अशक्त होती, पण आवाज ऐकून तिने कान हलवले. पोरीने खूप रडून घेतलं. मला वाटलं, आता ती शेवंतीला दुसरीकडे न्यायला सांगेल. डोळे पुसून म्हणाली, 'तुम्ही तिला डॉक्टरकडे नेलंत ना, बस.' मी देवापुढे दिवा लावला त्या दिवशी.

मग मी तिला डॉक्टरचं म्हणणं सांगितलं, सहा वर्षांचं. वीणा, ती रडता रडता हसायलाच लागली. 'आई म्हणाली, नुसत्या दूधभातावर?' मी विचारत राहिले, ती मान हलवत राहिली. म्हणाली, बाबांना शब्द दिलाय, मी सांगणार नाही. पण आईला म्हणावं, देवळामागच्या गल्लीत इंद्रायणीकाकूंची खानावळ आहे, तिथे एकदा जाऊन ये.

जावं की नाही ते तू ठरव. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण पत्रावर 'तुझी' लिही.

तुझीच,
उर्मी


नाशिक,
४ जुलै २०२४

प्रिय उर्मी,

मी गेले.

आधी आठवडाभर गेले नाही. त्या गल्लीपाशी जाऊन दोनदा परत फिरले. मनात म्हणत होते, खोटं निघालं तर त्या बाईशी भांडेन, आणि खरं निघालं तर कोणाशी भांडू? शेवटी सोमवारी दुपारी, गर्दी नसेल अशा वेळी गेले. चारच टेबलं आहेत. इंद्रायणीबाई तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या आणि म्हणाल्या, 'या वयनी, बसा. तुमी कधीतरी येणार म्हणून माका वाटलाच होता.' समोर बसून कोणी बोललं की माझं मशीन शिट्टी वाजवत नाही. सगळं नीट ऐकू आलं.

सुरेश दर बुधवारी तिथे यायचा. बुधवारी त्याची पेन्शनरांची मीटिंग असायची, म्हणजे मला तसं वाटायचं. मीटिंग असायचीही, पण अर्धा तास. त्याआधी नोकरीत होता तेव्हा बुधवारी हिशेब उशिरापर्यंत चालायचे. बाई मालवणच्याच, खानावळ टाकली त्या वर्षापासून तो येत होता. बांगडा असला तर बांगडा, सुरमई असली तर सुरमई. शेवंती आली त्यानंतर स्टीलचा एक डबा आणायला लागला. बाई त्यात तिच्यासाठी बिनमिठाचे उकडून सुकवलेले तुकडे भरून द्यायच्या, दोन-तीन दिवस पुरतील एवढे. डबा स्कूटरच्या डिकीत. पार्किंगमध्ये ती स्कूटरपाशी बसायची ते काही नुसत्या मायेने नव्हे गं. मी त्यावर किती रडले होते. दोघांनी मिळून मला बनवलं, आणि कश्मिरा बारावीत असल्यापासून त्या कटात सामील होती. त्या डब्यावरच शेवंती जगली. मी माझ्या दूधभाताचं कौतुक सांगत फिरले.

तू म्हणशील, मला राग आला असेल. मलाही वाटलं होतं येईल. मी वाट पाहिली त्याची. पण बाई पुढे म्हणाल्या की हॉस्पिटलात जायच्या आधीच्या बुधवारीही तो आला होता, तळलेल्या दोन तुकड्या मागून घेतल्या, आणि 'आज जमलंय' म्हणाला. उर्मी, मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकलं. दोन वर्षं, नव्हे, लग्न झाल्यापासून मी मनात एक ओझं वाहत होते, की ह्या माणसाचं मी काहीतरी काढून घेतलं. आणि तो दर आठवड्याला पोटभर मासे खाऊन, बडीशेप चघळत, शीळ घालत जिना चढत होता. त्या तीन शब्दांसाठी तो आसुसलेला नव्हता. त्याला खरंच भूक नव्हती, इतकंच.

बाईंनी मला सोलकढी दिली. मी विचारलं, इथे बसून माझ्याबद्दल कधी बोलायचे का? मला वाटलं, सांगतील की बायको कडक आहे, सोवळी आहे. त्या म्हणाल्या, 'मासो खायचे, पण भात कधी घेतला नाय. मी आग्रह केलो तर म्हणायचे, नको, पोटात जागा ठेवूक होयी. घरी ती जेवायची थांबलेली असता.'

बुधवारी मी नेहमी साधा आमटीभात करायचे. तो दुसऱ्यांदा मागून घ्यायचा, कधी तिसऱ्यांदाही. मला वाटायचं, त्या मीटिंगमध्ये चहासुद्धा देत नाहीत की काय.

काल बुधवार होता. मी आमटीभात केला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी, तुझी, तुझी,
वीणा